विश्लेषण : व्हिडिओ सुरू असताना ‘अ‍ॅपर्चर’ बदलले की चित्र काळवंडते का? उजेड कायम कसा ठेवायचा?

अंतरपाट धरलेला आहे. कॅमेरा नवरीच्या चेहऱ्यावर आहे आणि मागचा मंडप, पाहुणे, फुलांच्या माळा सगळे छान धूसर झाले आहे. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात. आता मागे उभे असलेले आई-वडील, मामा, करवल्या हेही स्पष्ट दिसावेत म्हणून व्हिडिओवाला चित्रीकरण न थांबवता लेन्सचे अ‍ॅपर्चर लहान करतो. मागचे चेहरे स्पष्ट होऊ लागतात खरे, पण त्याच वेळी सगळे चित्र टप्प्याटप्प्याने काळवंडत जाते. घाईघाईने तो उजेड वाढवतो, तर नवरीचा चेहरा पांढराफटक पडतो. हा क्षण पुन्हा चित्रित करता येणार नसतो. ही चूक टाळता येते का? त्यासाठी महागडा कॅमेराच लागतो का? आणि आपल्या मोबाइलमध्ये हे जमते का?

अ‍ॅपर्चर म्हणजे नेमके काय?

लेन्सच्या आत पातळ पात्यांचे एक छिद्र असते. ते लहान-मोठे करता येते. डोळ्यातील बाहुली उन्हात आकसते आणि अंधारात मोठी होते, तसेच हे छिद्र. त्याचा आकार एफ/२, एफ/२.८, एफ/४, एफ/५.६, एफ/८, एफ/११, एफ/१६ अशा आकड्यांनी सांगतात. आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान, हे नवख्यांना नेहमी उलटे वाटते. पण हा आकडा म्हणजे लेन्सच्या केंद्रांतराला छिद्राच्या व्यासाने भागून आलेले उत्तर आहे, हे लक्षात घेतले की गोंधळ संपतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिलिमीटरचे छिद्र आणि एफ/८ म्हणजे जेमतेम सव्वासहा मिलिमीटरचे.

या मालिकेत एक पायरी पुढे गेले की आत येणारा प्रकाश निम्मा होतो. या पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. एफ/२ वरून एफ/८ पर्यंत चार पायऱ्या आहेत. म्हणजे प्रकाश निम्म्याचा निम्मा असे चार वेळा होऊन सोळाव्या हिश्शावर येतो. मंडपातले चित्र काळवंडले ते यामुळेच.

पण अ‍ॅपर्चर केवळ उजेडाचा नळ नाही. छिद्र मोठे असेल तर फोकसमध्ये असलेल्या वस्तूच्या पुढचे-मागचे सगळे धूसर होते. छिद्र लहान केले की स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली वाढते. याला ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. म्हणजे एकाच छिद्रावर दोन कामे सोपवलेली आहेत, उजेड किती घ्यायचा आणि पाठीमागचे किती दाखवायचे. दुसऱ्या कामासाठी ते बदलले की पहिले काम बिघडते. सगळी अडचण इथे आहे.

फोटोत न जाणवणारी अडचण व्हिडिओत का जाणवते?

चित्राचा उजेड, म्हणजे एक्स्पोजर, तीन गोष्टींवर ठरतो. छिद्र किती मोठे (अ‍ॅपर्चर), ते किती वेळ उघडे (शटर) आणि सेन्सरकडून आलेला संदेश किती वाढवायचा (आयएसओ). फोटो काढताना एक कमी केले तर दुसरे वाढवायचे, एवढा सोपा हिशोब असतो. एफ/२.८ वर १/२०० सेकंद पुरत असेल, तर एफ/५.६ वर १/५० सेकंद ठेवायचे. छिद्र दोन स्टॉपने लहान झाले, वेळ दोन स्टॉपने वाढला, बेरीज तीच राहिली.

फोटोग्राफर हा हिशोब दोन फोटोंच्या मधल्या वेळेत करतो, त्यामुळे तो कोणाला दिसत नाही. व्हिडिओत मात्र तो चालू दृश्यात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत करावा लागतो. सेकंदाला २५ चौकटी टिपल्या जात असतील, तर त्या प्रत्येक चौकटीत जमाखर्च जुळला पाहिजे. छिद्र आधी बंद झाले आणि भरपाई अर्ध्या सेकंदाने झाली, तर तेवढ्या डझनभर चौकटी काळपट राहतात आणि डोळा त्या लगेच पकडतो. शेजारशेजारच्या दोन रंगछटांतला फरक आपल्याला कदाचित कळणार नाही, पण एकाच जागेवरचा उजेड अचानक हलला तर तो सहज कळतो.

त्यात लेन्सचा आणखी एक अडथळा असतो. फोटोसाठी बनवलेल्या बहुतेक लेन्सचे छिद्र सलग लहान होत नाही. ते साधारण एकतृतीयांश स्टॉपच्या टप्प्यांनी सरकते. त्यामुळे चित्र सावकाश काळवंडण्याऐवजी पायऱ्या उतरल्यासारखे काळवंडते. काही लेन्समध्ये पाती हलल्याचा बारीक टकटक आवाजही कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये येतो.

शटरने भरपाई करता येत नाही का?

येते, पण तिची किंमत वेगळी आहे. व्हिडिओत शटरचा वेळ साधारणपणे एका चौकटीच्या वेळेच्या निम्मा ठेवतात. सेकंदाला २५ चौकटी असतील तर १/५० सेकंद. या वेळेत हलणारा हात किंवा धावणारे मूल किंचित पुसट उमटते आणि ती पुसटताच हालचालीला सहजपणा देते. शटर १/८०० सेकंदावर नेले, तर प्रत्येक चौकट कोरीव होते आणि हालचाल तुटक, झटके दिल्यासारखी वाटते. समजा, एफ/८ वर १/५० सेकंदाने दृश्य सुरू केले आणि एफ/२ पर्यंत छिद्र उघडले, तर भरपाईसाठी शटर १/८०० सेकंदावर न्यावे लागेल. उजेड कायम राहील, पण एकाच दृश्यात आधी सहज चालणारा माणूस नंतर झटके देत चालेल. उलट दिशेने जावे तर सेकंदाला २५ चौकटी टिपताना एका चौकटीला १/२५ सेकंदापेक्षा जास्त वेळ देताच येत नाही.

भारतात आणखी एक बंधन आहे. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे साध्या ट्यूब आणि अनेक एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर प्रत्येक चौकटीत या चढउताराची पूर्ण आवर्तने मावतात आणि चित्र स्थिर राहते. १/६० किंवा १/२५० सेकंदावर गेले की चित्रात आडवे पट्टे सरकताना किंवा उजेड लुकलुकताना दिसतो. म्हणजे घरात, दुकानात किंवा कार्यालयात चित्रीकरण करताना शटर जवळजवळ बांधलेलेच असते.

बाहेर उन्हात, माणूस स्थिर उभा किंवा बसलेला असेल, पाणी किंवा हलणारी पाने चौकटीत फारशी नसतील, तर शटरने एक-दोन स्टॉपची भरपाई खपून जाते. त्यापलीकडे नाही.

मग आयएसओ वाढवला तर?

आयएसओ दुप्पट केला की चित्र एका स्टॉपने उजळ होते. हालचालीच्या पोतावर त्याचा परिणाम होत नाही, म्हणून पहिल्यांदा हाच उपाय सुचतो. पण मंडपातले उदाहरण पुन्हा पाहू. एफ/२ ला आयएसओ ८०० पुरत असेल, तर एफ/८ ला आयएसओ १२,८०० लागेल. अनेक कॅमेऱ्यांत आणि बहुतेक मोबाइलमध्ये तिथपर्यंत जाताना चित्रात दाणे दिसू लागतात, रंग फिके पडतात आणि सावलीतले बारकावे जातात. शालूची जर आणि केसांच्या बटा एकमेकांत मिसळतात. उजेड तोच असतो, पण दृश्याच्या सुरुवातीचे चित्र आणि शेवटचे चित्र एकाच कॅमेऱ्याचे वाटत नाही.

शिवाय आयएसओही बऱ्याचदा टप्प्यांनी बदलतो. छिद्राच्या पायऱ्या आणि आयएसओच्या पायऱ्या एकाच क्षणी पडल्या नाहीत तर चित्र हलकेच थरथरते. म्हणून आयएसओची भरपाई एक ते दीड स्टॉपच्या छोट्या बदलाला चालते. चार स्टॉपच्या बदलाला ती पुरत नाही.

एनडी फिल्टर कसा मदत करतो?

शटर बांधलेले आणि आयएसओ मर्यादित, म्हटल्यावर उरतो तो लेन्ससमोरचा गॉगल. ‘न्यूट्रल डेन्सिटी’ म्हणजे एनडी फिल्टर ही करड्या रंगाची काच असते. चांगला फिल्टर रंगात फारसा फरक न करता फक्त उजेड कमी करतो. एनडी-४ प्रकाश चौथ्या हिश्शावर आणतो, एनडी-८ आठव्या, एनडी-६४ चौसष्टाव्या. काच बदलण्याऐवजी फिरवून कमी-जास्त करता येणारा प्रकारही मिळतो. त्याला ‘व्हेरिएबल एनडी’ म्हणतात. त्यात ध्रुवीकरण करणाऱ्या दोन काचा एकावर एक असतात. एक काच फिरवली की त्यातून जाणारा उजेड सलग बदलतो. यात पायऱ्या नसतात, हाच त्याचा मोठा गुण.

कल्पना सोपी आहे. छिद्र मोठे असताना काच गडद ठेवायची. छिद्र जसजसे लहान होईल तसतशी काच उजळ करायची. सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश तेवढाच राहतो. शटरला हात लावायचा नाही, आयएसओला हात लावायचा नाही.

आकड्यांत पाहू. लख्ख उन्हासाठी छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा आहे. एफ/१६ ला आयएसओ १०० असेल तर शटर सुमारे १/१०० सेकंद. व्हिडिओत आपल्याला १/५० सेकंद हवे, म्हणजे उजेड दुप्पट झाला आणि तो एनडी-२ ने कापावा लागेल. याच हिशोबाने एफ/११ ला एनडी-४, एफ/८ ला एनडी-८, एफ/५.६ ला एनडी-१६, एफ/४ ला एनडी-३२ आणि एफ/२.८ ला एनडी-६४ लागतो. बाजारातले अनेक व्हेरिएबल एनडी दोन ते पाच स्टॉपचे, म्हणजे एनडी-४ ते एनडी-३२ एवढ्या टप्प्याचे असतात. अशा एका फिल्टरने दुपारच्या उन्हात एफ/४ पासून एफ/११ पर्यंत उजेड न हलवता जाता येते.

मर्यादाही आहेत. फिल्टर ठरलेल्या टप्प्यापलीकडे फिरवला, विशेषतः रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सवर, तर चित्रावर फुलीसारखा काळा डाग उमटतो. ध्रुवीकरणामुळे पाण्यावरची, काचेवरची आणि घामेजल्या चेहऱ्यावरची चमक काच फिरवताना बदलू शकते. स्वस्त काचांमध्ये पिवळसर किंवा हिरवट छटा येते.

एनडी असला की कुठेही जमते का?

नाही, आणि नेमके हेच अनेक जण विसरतात. एनडी उजेड कमी करतो, निर्माण करत नाही. म्हणून हिशोब नेहमी सर्वात लहान छिद्रापासून सुरू करावा लागतो. दृश्याच्या शेवटी एफ/८ वर जायचे असेल, तर काच पूर्ण उजळ केल्यावर एफ/८ ला पुरेल एवढा प्रकाश जागेवर आधी असायला हवा. शिवाय व्हेरिएबल एनडी पूर्ण उजळ केला तरी एक-दोन स्टॉप खातोच. उन्हात हा प्रश्न येत नाही. मंद दिव्यांच्या सभागृहात मात्र एनडी लावून एफ/२ वरून एफ/८ वर जाणे अशक्यच. तिथे एकतर दिवे वाढवायचे किंवा एक-दीड स्टॉपच्या बदलावर समाधान मानायचे.

सिनेमाच्या इतिहासातही हाच धडा आहे. ऑर्सन वेल्स यांचा १९४१ चा ‘सिटिझन केन’ पुढचे आणि मागचे सगळे एकाच वेळी स्पष्ट दाखवणाऱ्या दृश्यांसाठी ओळखला जातो. त्याचे छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी त्यासाठी लहान छिद्र वापरले. पण ते परवडावे म्हणून भरपूर दिवे, जास्त संवेदनशील फिल्म आणि परावर्तन कमी करणारा लेप दिलेल्या लेन्स यांची जोड द्यावी लागली.

सिनेमावाले चालू दृश्यात हे कसे साधतात?

सिनेमाच्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चरची कडी टकटक न करता सलग फिरते. तिच्यावर एफ ऐवजी ‘टी’ आकडे असतात. एफ हा केवळ भूमितीचा आकडा आहे, तर टी हा काचेत वाया जाणारा प्रकाश वजा करून प्रत्यक्ष किती प्रकाश पोहोचतो ते सांगतो. त्यामुळे भरपाईचा हिशोब नेमका बसतो.

फिल्मच्या काळात प्रश्न उलट बाजूनेही येत असे. चालू दृश्यात वेग संथ किंवा जलद करायचा तर प्रत्येक चौकटीला मिळणारा वेळ बदलतो आणि उजेडही. १९९० च्या दशकात आलेल्या ‘अ‍ॅरिफ्लेक्स ४३५’ सारख्या कॅमेऱ्यांत वेग बदलत असतानाच शटरचा कोन आपोआप बदलून उजेड कायम राखण्याची सोय होती. तत्त्व तेच. एक गोष्ट हलली की दुसरी त्याच क्षणी, तेवढीच, उलट दिशेने हलली पाहिजे.

अ‍ॅपर्चरसाठी हे काम ‘सिनेफेड’ नावाची यंत्रणा करते. लेन्सच्या अ‍ॅपर्चरला एक मोटर आणि समोरच्या व्हेरिएबल एनडीला दुसरी मोटर जोडलेली असते. दोन्ही एकमेकींशी बांधलेल्या असतात. त्यामुळे गर्दीत उभ्या असलेल्या पात्राभोवतीचे जग हळूहळू विरघळत जाते आणि ते एकटे उरते, पण उजेड तसूभरही हलत नाही. ना कट, ना झूम, तरी मनातले बदलल्याचे प्रेक्षकाला जाणवते.

सोनीने वेगळा रस्ता घेतला. ‘एफएस-५’, ‘एफएक्स-९’ आणि २०२० मध्ये आलेल्या ‘एफएक्स-६’ या कॅमेऱ्यांच्या आतच विजेवर चालणारा एनडी आहे. तो द्रवस्फटिकाचा, म्हणजे एलसीडी पडद्याच्या तत्त्वावरचा आहे आणि १/४ पासून १/१२८ पर्यंत सलग गडद होतो. हा एनडी ‘ऑटो’वर ठेवून अ‍ॅपर्चर फिरवले की कॅमेरा स्वतःच काच गडद-उजळ करतो. दोन हातांची कसरत उरत नाही.

सगळे ‘ऑटो’वर सोडले तर?

अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत अ‍ॅपर्चर आणि शटर हाताने ठरवून फक्त आयएसओ ऑटोवर ठेवता येतो. अ‍ॅपर्चर बदलले की कॅमेरा आयएसओ हलवून भरपाई करतो. छोट्या बदलाला हे उपयोगी आहे. पण इथे एक बारीक फरक समजून घ्यायला हवा. कॅमेऱ्याचे ऑटो एक्स्पोजर कायम ठेवत नाही. ते चित्राचा सरासरी उजेड कायम ठेवते.

पांढऱ्या सदऱ्यातला माणूस चौकटीत आला की कॅमेऱ्याला वाटते उजेड वाढला, आणि तो सगळे चित्र अंधारे करतो. काळा कोट घातलेला माणूस पुढून गेला की नवरीचा चेहरा उजळतो. कोणाच्या फोटोचा फ्लॅश पडला की चित्र क्षणभर गोंधळते. अ‍ॅपर्चर बदलाची भरपाई करायला ठेवलेला ऑटो असा भलत्याच कारणाने हलू लागतो. म्हणून महत्त्वाच्या दृश्यात जाणकार उजेड बांधून ठेवतात.

अशीच एक चूक लेन्सकडून नकळत होते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सवर ‘एफ/३.५-५.६’ असे लिहिलेले असते. म्हणजे छिद्र पूर्ण उघडे ठेवून झूम करत गेले की ते आपोआप एफ/५.६ पर्यंत येते आणि चित्र सव्वा स्टॉपपेक्षा जास्त अंधारे होते. उपाय साधा आहे. झूम करायचे असेल तर सुरुवातीपासूनच एफ/५.६ ठेवायचे.

मोबाइलमध्ये अ‍ॅपर्चर खरेच बदलते का?

बहुतेक मोबाइलमध्ये नाही. त्यातले छिद्र कायमचे ठरलेले असते. जाहिरातीत लिहिलेला एफ/१.८ हा त्या लेन्सचा एकुलता एक आकडा असतो. उजेडाची सगळी भरपाई शटर आणि आयएसओ करतात.

अपवाद आहेत. नोकियाच्या ‘एन-८६’ मध्ये २००९ सालीच बदलते छिद्र होते. सॅमसंगने २०१८ च्या ‘गॅलेक्सी एस-९’ मध्ये एफ/१.५ आणि एफ/२.४ अशी दोन छिद्रे दिली. दोघांतला उजेडाचा फरक सुमारे अडीच पट. ‘एस-१०’ नंतर, २०२० च्या ‘एस-२०’ मालिकेत कंपनीने ती सोय काढून टाकली. हुआवेच्या २०२२ च्या ‘मेट ५० प्रो’ मध्ये एफ/१.४ ते एफ/४ असे दहा टप्पे होते. शाओमीच्या ‘१४ अल्ट्रा’ मध्ये एफ/१.६३ ते एफ/४ पर्यंत सलग बदल होतो, म्हणजे प्रकाशात साधारण सहा पट फरक.

पण मोबाइलचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे धूसरपणाचा खेळ मुळातच मर्यादित असतो. सुमारे १/१.३ इंचाच्या सेन्सरवर एफ/१.८ ने मिळणारी पार्श्वभूमीची धूसरता मोठ्या, फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरच्या साधारण एफ/६ एवढी असते. उजेडाच्या दृष्टीने तो एफ/१.८ च आहे, धूसरतेच्या दृष्टीने नाही. म्हणून मोबाइलवर माणसाच्या मागचे जग खऱ्या अर्थाने विरघळवायचे तर विषय लेन्सच्या अगदी जवळ हवा.

मग ‘सिनेमॅटिक मोड’मध्ये जे दिसते ते काय?

अ‍ॅपलने २०२१ च्या ‘आयफोन १३’ पासून सिनेमॅटिक मोड आणला. त्यात एफ/२ पासून एफ/१६ पर्यंत पट्टी सरकवता येते, तीही चित्रीकरण झाल्यावर. धूसरता वाढते, कमी होते आणि उजेड मुळीच हलत नाही. कारण छिद्र हललेलेच नसते. फोन दृश्यातल्या कोणत्या गोष्टी किती लांब आहेत याचा नकाशा तयार करतो आणि लांबच्या गोष्टी गणिताने पुसट करतो. इतर अनेक कंपन्यांचे पोर्ट्रेट व्हिडिओही याच तत्त्वावर चालतात.

एका अर्थी ज्या अडचणीवर सिनेमावाले दोन मोटरी लावतात, ती इथे उद्भवतच नाही. बदल्यात कडा चुकतात. मोकळे केस, चष्म्याची काच, मुंडावळ्यांच्या लडी, बाटलीतले पाणी इथे नकाशा गोंधळतो आणि स्पष्ट हवे ते पुसट होते. मोबाइलच्या पडद्यावर ते खपते, मोठ्या टीव्हीवर डोळ्यांना खुपते.

चित्रीकरणानंतर संकलनात दुरुस्त होते का?

काही प्रमाणात. अ‍ॅपर्चर सावकाश बदलले असेल आणि बदल एक-दोन स्टॉपचा असेल, तर संकलन करताना त्या काही सेकंदांत उजेड उलट दिशेने वाढवत नेता येतो. त्यासाठी एक अट आहे. उजेडाचे गणित सर्वात मोठ्या छिद्रावर बसवायचे, म्हणजे तिथे कपाळावरची चमक किंवा पांढरे कपडे पूर्ण पांढरे होऊ द्यायचे नाहीत. अंधारलेला भाग थोडे दाणे सोसून वर काढता येतो. पांढराफटक पडलेला भाग कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, कारण तिथे माहितीच शिल्लक नसते. १० बिटच्या ‘लॉग’ चित्रीकरणात दुरुस्तीला जास्त वाव असतो. ‘आयफोन १५ प्रो’ पासून ही सोय अ‍ॅपलच्या मोबाइलमध्येही आली आहे.

घरी करून पाहायचे तर?

हातात मिररलेस कॅमेरा, व्हेरिएबल एनडी आणि ट्रायपॉड असेल तर सकाळच्या उन्हात अंगणात किंवा गच्चीवर सराव करता येतो. लेन्सवर अ‍ॅपर्चरची सलग फिरणारी कडी असेल तर उत्तम. आयएसओ, शटर आणि रंगाचा समतोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, तिन्ही हाताने ठरवून बांधून ठेवावेत. चौकटीत एक करडा किंवा पांढरा कागद ठेवावा. आधी सर्वात लहान छिद्रावर, समजा एफ/११ वर, काच उजळ करून उजेड ठरवावा. मग एफ/८, एफ/५.६, एफ/४ अशा प्रत्येक टप्प्यावर कागद तेवढाच उजळ दिसेपर्यंत एनडी फिरवावा आणि फिल्टरच्या कडीवर चिकटपट्टीने खूण करावी. या खुणा हाच तुमचा हिशोब. नंतर एका हाताने अ‍ॅपर्चर, दुसऱ्याने एनडी, सहा-सात सेकंदांत सावकाश, खुणेवरून खुणेकडे न्यायचे. जोडीदार असेल तर एकाने एक कडी सांभाळावी आणि दुसऱ्याने मोठ्याने आकडे मोजावेत. कॅमेऱ्यात वेव्हफॉर्म असेल तर कागदाची रेषा वर-खाली होते का ते पाहावे.

फक्त मोबाइल असेल तर छिद्र हलत नाही, पण उजेड हलतोच. तिथे अर्धी लढाई एका बोटाने जिंकता येते. आयफोनवर आणि अनेक अँड्रॉइड फोनवर पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरले की फोकस आणि उजेड दोन्ही जागेवर बांधले जातात. हाताने नियंत्रण देणारा प्रो मोड असेल तर घरातल्या दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे. उन्हात शटर फार वर जाऊ नये म्हणून मोबाइलला लावायचे छोटे एनडीही मिळतात.

आणि पुन्हा त्या मंडपात जायचे तर, अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी चार स्टॉपची उडी मारण्याचा मोह टाळलेला बरा. तिथले दिवे तेवढे पुरणारे नसतात. सुरुवातच एफ/४ वर करावी, उजेड बांधून ठेवावा आणि मागचे चेहरे दाखवायला अ‍ॅपर्चरऐवजी फोकस नवरीवरून तिच्या आईकडे सरकवावा. त्यात उजेडाचा हिशोब मोडत नाही आणि आईच्या डोळ्यांतले पाणीही चौकटीत येते.